स्नायूंचा जमाखर्च : आकुंचन, शिथिलता आणि रुग्णालयाची सज्जता

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



वार्षिक सभेत प्रशासकाने हिशेबाविषयी बोलावे, असा संकेत आहे. मीही आज हिशेबाविषयीच बोलणार आहे. मात्र आधी स्नायूंच्या आणि मग रुग्णालयाच्या. ताळेबंद सभेपुढे आला की दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला प्रश्न देणगीदारांचा असतो. जी औषधे वर्षभरात एकदाही वापरली गेली नाहीत आणि मुदत संपली म्हणून नष्ट करावी लागली, ती पुन्हा का खरेदी करावयाची? दुसरा प्रश्न रुग्णांच्या नातेवाइकांचा असतो. प्रसूती सुखरूप झाली, छातीतील कळ थांबली, दम्याचा झटका ओसरला, तरी रुग्णाला आणखी काही तास का थांबवून ठेवता, आणि तीच रक्ततपासणी पुन्हा का करता?

हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. शरीरशास्त्राची माझी ओळख आपल्या डॉक्टर मंडळींना विचारून आणि वाचून झालेली आहे. परंतु या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला एकाच ठिकाणी सापडले. स्नायू आकुंचन कसा पावतो, आणि आकुंचन पावल्यानंतर तो सैल कसा होतो, या प्रक्रियेत ते दडलेले आहे.

प्रथिनांची एक जोडी

आपल्या रुग्णालयात फेरी मारली तर प्रसूतिकक्ष, हृदयरोग विभाग, शस्त्रक्रियागृह, दम्याच्या रुग्णांची खोली, रक्तदाबाचा बाह्यरुग्ण विभाग अशी निरनिराळी दालने दिसतात. या सर्व दालनांत प्रथिनांची एकच जोडी काम करीत असते. ॲक्टिन आणि मायोसिन ही त्यांची नावे. गर्भाशयाची कळ, हृदयाचा ठोका, श्वासनलिकेचे आखडणे, रक्तवाहिनीचे अरुंद होणे आणि आपण आता जी टाळी वाजवाल ती, ही सर्व या जोडीचीच कामे होत.

मायोसिन हे नाव जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म कूने यांनी १८६४ मध्ये बेडकाच्या स्नायूतून मिळविलेल्या पदार्थाला दिले. त्यानंतर पाऊण शतक तो एक निष्क्रिय बांधकामाचा पदार्थ मानला जाई. १९३९ मध्ये एंगेलहार्ट आणि ल्युबिमोव्हा या रशियन शास्त्रज्ञांनी दाखविले की, एटीपी नावाचा जो पदार्थ शरीराचे रोख चलन म्हणून वापरला जातो, तो हे मायोसिन स्वतःच फोडते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हंगेरीतील सेगेड या गावी आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी आणि इलोना बांगा हे या विषयावर काम करीत होते. मायोसिनच्या जोडीला आणखी एक प्रथिन असले पाहिजे, असे त्यांच्या ध्यानात आले. १९४२ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील ब्रूनो स्ट्रॉब यांनी ते वेगळे केले. तेच ॲक्टिन. या दोहोंपासून तयार केलेल्या धाग्यांवर एटीपी सोडताच ते धागे आखडले. शरीर नाही, मज्जातंतू नाही, केवळ काचेच्या भांड्यातील दोन प्रथिने. तरीही आकुंचन घडले.

हे आकुंचन कसे होते, याचा उलगडा १९५४ मध्ये झाला. 'नेचर' या नियतकालिकाच्या त्या वर्षीच्या २२ मेच्या अंकात दोन लेख एकत्र प्रसिद्ध झाले. एक ॲण्ड्र्यू हक्सले आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सले हे एकमेकांचे नातलग नव्हेत. त्यांनी दाखविले की स्नायू आखूड होतो तेव्हा त्यातील तंतू आखूड होत नाहीत. मायोसिनचे जाड तंतू आणि ॲक्टिनचे बारीक तंतू एकमेकांवरून सरकतात.

आडातून पोहरा शेंदताना आपले हात काय करतात, ते आठवून पाहावे. एक हात दोर ओढतो, मग पकड सोडतो, पुढे जाऊन दोराचा नवा भाग पकडतो आणि पुन्हा ओढतो. मायोसिनच्या प्रत्येक जाड तंतूवर असे शेकडो हात असतात. दोराची लांबी बदलत नाही, पोहरा मात्र वर येतो.

पकड सोडण्याचा खर्च

आता मी ज्या मुद्द्यासाठी हे सर्व सांगत आहे, तेथे येतो. खर्च ओढण्यास पडतो आणि सोडणे फुकट होते, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात एटीपीचा कण मायोसिनच्या हाताला येऊन चिकटतो, तेव्हा त्या हाताची ॲक्टिनवरील पकड सुटते. पकड सुटल्यानंतर तो कण फोडला जातो आणि त्यातून मिळालेल्या बळावर हात पुढच्या ओढीसाठी ताणून सज्ज होतो. म्हणजे रोकड हाती येते ती सोडण्याच्या क्षणी. ओढ ही त्यानंतरची गोष्ट. एटीपी नसेल, तर हात जेथे आहे तेथेच चिकटून राहतो.

याचा पुरावा आपण सर्वांनी कधी ना कधी दुःखाच्या प्रसंगी पाहिलेला असतो. मृत्यूनंतर काही तासांत देह ताठर होतो. त्या वेळी स्नायू जोर लावीत असतात, अशी आपली समजूत होते. वस्तुतः पकड सोडण्यापुरतेही चलन शरीरात शिल्लक राहिलेले नसते, म्हणून ती पकड तशीच राहते. पुढे एकदोन दिवसांनी प्रथिनेच विघटित होऊ लागतात, तेव्हा तो ताठरपणा ओसरतो.

शिथिलतेचा दुसरा खर्च कॅल्शियमचा आहे. स्नायूला आकुंचनाची आज्ञा मिळते ती कॅल्शियमच्या रूपाने. विश्रांतीच्या अवस्थेत स्नायुपेशीच्या आत मोकळे कॅल्शियम इतके कमी ठेवलेले असते की पेशीबाहेर ते सुमारे दहा हजार पटींनी अधिक असते. आज्ञा मिळताच दारे उघडतात आणि कॅल्शियम उसळून येते. त्यासाठी खर्च जवळजवळ नाही. परंतु काम झाल्यावर ते पुन्हा कोठारात भरावे लागते, आणि तेथे एटीपीचा एक कण खर्चून कॅल्शियमचे केवळ दोन कण आत घेतले जातात. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर पुढच्या आज्ञेसाठी सज्ज राहणे, हाच येथील एक मोठा आवर्ती खर्च आहे.

आज्ञा कोणाची?

कॅल्शियमचे हे महत्त्व ध्यानात आले ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. डॉ. सिडनी रिंगर बेडकाचे हृदय शरीराबाहेर मिठाच्या द्रावणात ठेवून त्याचे ठोके अभ्यासत होते. द्रावण नळाच्या पाण्याने केलेले असले की हृदय व्यवस्थित चाले. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याने केलेले असले की मंदावून थांबे. नळाच्या पाण्यातील कॅल्शियममुळे हा फरक पडत होता, हे त्यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या वॉर्डांत खाटेशेजारी जी 'आरएल'ची बाटली टांगलेली दिसते, तिच्या नावातील 'आर' हे अक्षर याच रिंगर यांचे होय.

कॅल्शियम नेमके कोणाला आज्ञा देते, हे शोधण्यास आणखी आठ दशके लागली. टोकियोत सेत्सुरो एबाशी आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकात ट्रोपोनिन हे प्रथिन शोधले. ॲक्टिनच्या तंतूवर ट्रोपोमायोसिन नावाचा एक लांब पट्टा असतो. विश्रांतीत तो मायोसिनच्या हातांची पकडण्याची जागा झाकून ठेवतो. कॅल्शियम ट्रोपोनिनला येऊन मिळाले की तो पट्टा सरकतो आणि जागा मोकळी होते. एखाद्या संस्थेत धनादेश तयार असावा, परंतु अधिकृत सहीवाचून तो वटू नये, तशी ही व्यवस्था आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांना ट्रोपोनिन हे नाव देयकात वाचून परिचित असेल. हृदयाच्या स्नायूतील ट्रोपोनिन हे हातापायांच्या स्नायूंतील ट्रोपोनिनपेक्षा किंचित वेगळे असते. हृदयाच्या पेशी मृत होऊ लागल्या की ते रक्तात उतरते, म्हणून हृदयविकाराच्या निदानात त्याला आज मध्यवर्ती स्थान आहे. परंतु रक्तात त्याचे प्रमाण वाढलेले दिसण्यास वेळ लागतो. कळ आल्यावर लगेच घेतलेला नमुना निर्दोष आला, एवढ्यावरून हृदय निर्दोष ठरत नाही. दोन नमुन्यांमधील चढ किंवा उतार पाहूनच डॉक्टर निर्णय करतात. 'तीच तपासणी दोनदा' लावली जाते ती या कारणाने. एका दिवसाच्या शिलकेवरून कोणताही लेखापरीक्षक व्यवहाराची दिशा सांगू शकत नाही.

यंत्र एक, नियम अनेक

ॲक्टिन आणि मायोसिन यांची जोडी सर्व प्राणिसृष्टीत आढळते; परंतु तिच्यावर नियंत्रण ठेवण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत, आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे आहेत.

बाजारातून आणलेली जिवंत तिसरी शिंपले घट्ट मिटून बसते. शिंपल्याच्या वर्गातील अशा अनेक प्राण्यांत एका विशिष्ट स्नायूने धरलेली पकड तासन्‌तास टिकते आणि त्यासाठी खर्च फारच थोडा येतो. मात्र ती पकड आपोआप सुटत नाही. ती सोडविण्यासाठी मज्जातंतूकडून वेगळी आज्ञा यावी लागते. शिंपल्यांच्याच कुळातील स्कॅलप या प्राण्यात कॅल्शियमची आज्ञा ॲक्टिनवरील कुलपाला मिळत नाही, ती थेट मायोसिनला मिळते, हे १९७० मध्ये दाखविले गेले.

याच्या अगदी उलट टोकाला डास आहे. त्याचे पंख एका सेकंदात सुमारे पाचशे वेळा हलतात. प्रत्येक फडफडीसाठी वेगळी आज्ञा पाठविणे मज्जातंतूला अशक्य आहे. म्हणून मज्जातंतू अधूनमधून संदेश देऊन कॅल्शियम पुरेसे राखतो, आणि पुढचे काम स्नायूच आपापसांत भागवितात. एका गटाचा स्नायू आखडला की समोरच्या गटाचा ताणला जातो, आणि तो ताण हीच त्याच्यासाठी आखडण्याची आज्ञा ठरते.

मानवी शरीरातही एकच रीत नाही. हातापायांचे आणि हृदयाचे स्नायू ट्रोपोनिनच्या नियमाने चालतात. रक्तवाहिन्या, श्वासनलिका, आतडी, मूत्राशय आणि गर्भाशय यांच्या भिंतींतील अरेखित स्नायूंत ट्रोपोनिनची ही व्यवस्था नसते. तेथे कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला मिळते, ते एका विकराला जागे करते, आणि ते विकर मायोसिनवर फॉस्फेटची मोहर उमटविते, तेव्हा कामाला प्रारंभ होतो. मोहर पुसण्याचे काम दुसऱ्या विकराकडे असते. हे स्नायू मंद चालतात, परंतु थोडक्या खर्चात दीर्घकाळ ताण धरून ठेवतात.

आता या नियमांचा आपल्या रुग्णांशी असलेला संबंध पाहू.

हृदय : विश्रांतीतील भोजन

मिनिटाला सत्तर ठोके धरले तर हृदय दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते. त्याच्याजवळचा एटीपीचा साठा काही सेकंदांपुरताच असतो, म्हणून रक्तपुरवठा क्षणभरही खंडित होऊन चालत नाही. लक्षणीय गोष्ट अशी की, ज्या डाव्या कप्प्याने सर्व शरीराला रक्त पुरवावयाचे, त्याच्या स्वतःच्या भिंतीला रक्त मिळते ते मुख्यतः तो सैल असताना. आकुंचनाच्या वेळी त्याच्याच दाबाने भिंतीतील वाहिन्या मिटलेल्या असतात. जगाला वाढून झाल्यावर स्वतः जेवणाऱ्या गृहिणीसारखे हे आहे. तिला बसावयास वेळच मिळाला नाही, तर घर फार काळ चालणार नाही.

हृदयाची क्षमता उणावलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांत आकुंचनाचे माप जवळजवळ प्राकृत असते. त्यांपैकी बहुतेकांचे हृदय नीट सैल होत नाही, म्हणून नीट भरत नाही. नातेवाईक विचारतात, 'पंपिंग चांगले आहे म्हणता, मग धाप का लागते?' त्याचे उत्तर येथे आहे.

रक्तवाहिन्या : महाडचा धडा

रक्तदाबासाठी घरोघरी घेतली जाणारी ॲम्लोडिपिनची गोळी रक्तवाहिनीच्या स्नायूत शिरणाऱ्या कॅल्शियमची वाट अरुंद करते. वाहिनी सैलावते आणि दाब उतरतो. दम्याच्या झटक्यात सालब्युटामॉलचा फवारा श्वासनलिकेच्या स्नायूला सैल होण्याची वेगळी आज्ञा देतो. ती आज्ञा काही तासांनी विरते, म्हणूनच झटका ओसरल्यावरही रुग्णाला नजरेखाली ठेवावे लागते.

या विषयातील एक मोठा धडा आपल्या महाराष्ट्रानेच जगाला दिला आहे. कोकणातील लाल विंचवाचा दंश एके काळी अनेकांचे, विशेषतः मुलांचे, प्राण घेत असे. त्या विषामुळे शरीरात उत्तेजक संप्रेरकांचा पूर येतो, रक्तवाहिन्यांचे स्नायू आवळले जातात, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी साठते. रायगड जिल्ह्यात महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या खाटेशेजारी बसून लक्षणांच्या नोंदी केल्या. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध या दंशावर वापरले. हे औषध आवळलेल्या वाहिन्यांना सैल करते. त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. औषध साधे होते आणि स्वस्तही. परंतु दंशाच्या रात्री ते आरोग्य केंद्राच्या कपाटात असणे आवश्यक होते.

गर्भाशय : अंतराचे महत्त्व

प्रसूतीच्या वेळी कळांइतकेच महत्त्व दोन कळांमधील अंतराला असते. कळ आली की गर्भाशयाच्या भिंतीतील वाहिन्या दाबल्या जातात आणि बाळाकडे जाणारे रक्त कमी होते. कळ ओसरली की ते पुन्हा वाहू लागते. म्हणून कळा वाढविण्यासाठी ऑक्सिटोसिन द्यावे लागले, तर ते थेंब मोजून आणि परिचारिकेच्या नजरेखाली द्यावे लागते.

बाळ जन्मले आणि वार सुटली की मागणी एकदम उलटते. नऊ महिने भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे पाचशे ते सातशे मिलिलिटर रक्त जात असते. स्नायूंचे तंतू वाहिन्यांभोवती जाळ्यासारखे विणलेले असतात. ते आवळले गेले की वाहिन्या मिटतात. जणू निसर्गाने घातलेले जिवंत टाकेच. गर्भाशय सैल राहिले, तर काही मिनिटांत मातेच्या जिवावर बेतते. जगातील मातामृत्यूंच्या प्रमुख कारणांत प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आजही मोडतो. या वेळी ऑक्सिटोसिन लगेच आणि पूर्ण मात्रेत द्यावे लागते.

हे संप्रेरक विन्सेंट द्यु विग्नो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते स्वस्त आहे. परंतु सामान्यतः २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. उन्हाळ्यात वीज गेलेल्या खोलीत पडून राहिलेली कुपी दिसावयास पूर्वीसारखीच असते, गुण मात्र उणावलेला असू शकतो. उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये आपल्या शिफारशींत समाविष्ट केले, त्यामागे हीच अडचण होती. प्रसूतिकक्षातील स्वतंत्र शीतकपाट, त्यावरील तापमापक, दिवसातून दोनदा होणारी नोंद आणि जनित्राची वेगळी जोडणी या गोष्टी ताळेबंदात किरकोळ वाटतात. बाळंतिणीच्या दृष्टीने त्या किरकोळ नाहीत.

कॅल्शियमचे दार उघडे राहिले तर

शेवटी, ज्या औषधावरून सभेत सर्वाधिक चर्चा होते, त्याविषयी. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील डेनबरो आणि लव्हेल या डॉक्टरांनी एका तरुणाची हकीकत 'द लॅन्सेट'मध्ये कळविली. त्याचा पाय मोडला होता. परंतु त्याला भीती पायाची नव्हती, भूल देण्याची होती. कारण त्याच्या दहा नातलगांचा मृत्यू भूल दिल्यानंतर झाला होता. त्यालाही भुलेत तीव्र ज्वर चढला. मात्र वेळीच लक्षात आल्याने तो वाचला.

हा दोष आनुवंशिक असतो. अशा व्यक्तींत काही विशिष्ट भूलद्रव्यांमुळे स्नायूतील कॅल्शियमच्या कोठाराचे दार उघडते आणि मिटेनासे होते. सर्व शरीराचे स्नायू एकाच वेळी आकुंचनाच्या अवस्थेत राहतात, एटीपी वेगाने संपत जाते, शरीर तापते आणि योग्य उपचार मिळाला नाही तर रुग्ण दगावतो. कॅल्शियमचे ते दार आवरणारे औषध म्हणजे डॅण्ट्रोलीन. सुरुवातीची मात्रा दर किलो वजनामागे अडीच मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला १७५ मिलिग्रॅम लागते. नेहमीची कुपी २० मिलिग्रॅमची, म्हणजे पहिल्याच मात्रेस ९ कुप्या. प्रत्येक कुपीत ६० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ती विरघळवावी लागते, म्हणजे औषधाइतकेच हातही लागतात. पुढील मात्रा निराळ्या.

हा प्रसंग अत्यंत विरळा आहे. एखाद्या रुग्णालयात वर्षानुवर्षे असा एकही रुग्ण येणार नाही, आणि कुप्या मुदत संपून बाद होतील. पण रुग्ण शस्त्रक्रियेच्या मेजावर तापू लागल्यावर दुसऱ्या शहरातून औषध मागविण्याइतका अवधी मिळत नाही. येथे नातेवाइकांनाही एक विनंती आहे. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ विचारतात, 'घरात कोणाला भूल देताना त्रास झाला होता का?' तो उपचारापुरता प्रश्न समजू नये. वडीलधाऱ्यांना विचारून, आठवून उत्तर द्यावे. या उत्तराला पैसा लागत नाही आणि त्याने प्राण वाचू शकतो.

सभेपुढील विनंती

आता रुग्णालयाचा हिशेब. विश्वस्त मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली : मुदत संपून बाद होणारी आपत्कालीन औषधे आजवर 'नासाडी' या सदरात दाखविली जातात. ती यापुढे 'सज्जता खर्च' या स्वतंत्र सदरात दाखवावीत. हयगयीने बाद झालेली औषधे निराळी आणि समजून-उमजून राखलेली औषधे निराळी. दोन्हींची बेरीज केली की पहिलीचा दोष झाकला जातो आणि दुसरीवर अकारण ठपका येतो. आपत्कालीन यादी डॉक्टरांच्या समितीने दरवर्षी तपासावी, म्हणजे सज्जतेच्या नावाखाली अनावश्यक खरेदीही होणार नाही.

दुसरी : शीतकपाटे, तापमापक आणि जनित्र यांच्या देखभालीसाठी दरवर्षी निश्चित तरतूद असावी. नवीन यंत्राच्या कोनशिलेवर देणगीदाराचे नाव कोरता येते; देखभालीच्या खर्चावर ते कोरता येत नाही. म्हणून या खात्यात देणगी देणाऱ्यांचे आपण अधिक ऋणी राहिले पाहिजे.

तिसरी : निरीक्षणासाठी लागणाऱ्या परिचारिकांची संख्या कमी करू नये. प्रसूतीनंतरचे पहिले काही तास, दम्याचा झटका ओसरल्यानंतरचे तास आणि ट्रोपोनिनच्या दोन नमुन्यांमधील तास हे बाहेरून रिकामे दिसतात. त्या काळात रुग्णाजवळ कोणी काही 'करताना' दिसत नाही. पण गर्भाशय आवळलेले राहते की सैलावते, श्वासनलिका मोकळी राहते की पुन्हा आखडते, हे त्याच वेळेत कळते.

आपले शरीर आपल्या चलनाचा मोठा वाटा पकड सोडण्यावर, कॅल्शियम परत कोठारात भरण्यावर आणि पुढील आज्ञेची वाट पाहत सज्ज राहण्यावर खर्च करते. त्या खर्चात काटकसर करण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. तो थांबला की स्नायू ताठरतो. धर्मादाय रुग्णालयाने लोकांचा पैसा जपून वापरलाच पाहिजे, आणि तो जपण्यासाठीच माझी नेमणूक आहे. परंतु जपणूक कोठे करावी आणि कोठे करू नये, हे ठरविताना हा हिशेब आपण नजरेसमोर ठेवावा, एवढीच माझी प्रार्थना आहे.